डेसमॉस ग्राफिंग कॅल्क्युलेटर: आठवी ते दहावीच्या पोरांना द्यावा का? माझा सविस्तर रिव्ह्यू

मी ठाण्यात घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, मराठी माध्यम आणि सेमी दोन्ही पोरं असतात, आणि पालकांच्या ग्रुपवर हल्ली सारखं कोणी ना कोणी विचारतं की ग्राफ शिकायला कुठलं अॅप चांगलं, डेसमॉस (समीकरण टाइप केलं की त्याचा आलेख काढून देणारं अॅप) खरंच फुकट आहे का, त्यात मुलं आयती उत्तरं काढतात का. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मोठं होणार आहे, पण ज्यांच्या घरी नववी-दहावी आहे त्यांनी वाचाच.

आधी मत सांगते. डेसमॉस पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, वापरायला अकाउंट लागत नाही, आणि समीकरण, टेबल आणि आलेख ही तिन्ही एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत हे पोराच्या डोक्यात शिरवायला मी आजवर वापरलेल्यांत याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. पण ते पोराच्या हातात कुठल्या क्रमाने द्यायचं यावर सगळं अवलंबून आहे, उलटा क्रम झाला तर नुसती रंगीत रेषांची मजा होते.

माहितीसाठी थोडं. हे एली लुबेरॉफ नावाच्या अमेरिकन माणसाने सुरू केलं, २०११ मध्ये लोकांसमोर आलं. २०२२ मध्ये त्यांचा शाळांसाठीचा अभ्यासक्रमाचा भाग अॅम्प्लिफाय नावाच्या कंपनीकडे गेला आणि कॅल्क्युलेटर डेसमॉस स्टुडिओ या वेगळ्या कंपनीकडे राहिला, म्हणून शोधताना दोन वेगळ्या साइट दिसतात, गोंधळून जाऊ नका, आपल्याला कॅल्क्युलेटर हवाय. अमेरिकेतली एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते आणि त्या परीक्षेच्या स्क्रीनमध्येच हा कॅल्क्युलेटर दिलेला असतो, त्यामुळे ज्यांची भाचे-पुतणी तिकडे शिकतात त्यांच्या घरी हे नाव आधीच पोचलेलं असेल. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर न्यायचा प्रश्नच येत नाही, इथे त्याचा उपयोग फक्त समजण्यासाठी.

आता मुळात अडचण काय असते ते बघा. बालभारतीच्या पुस्तकात दोन चलांतल्या रेषीय समीकरणाचा आलेख काढायला सांगतात, त्याआधी एक टेबल करायचं असतं, वर एक्स, खाली वाय, त्याखाली (एक्स, वाय). पोरं हे टेबल अगदी व्यवस्थित करतात. तीन किंवा चार किमती घेतात, गुण मिळतात म्हणून रकाने आखतात, मग ग्राफ पेपरवर ठिपके देऊन पट्टीने रेघ ओढतात. आणि मग मी विचारते की या रेषेवरचा, तू टेबलमध्ये न घेतलेला एखादा बिंदू सांग, तर वर्गात शांतता. किंवा समजा वाय = २एक्स + ३ ची रेषा आहे आणि (७, १७) हा बिंदू तिच्यावर आहे का विचारलं तर पोरगं कागद लांबवायला बघतं, समीकरणात ७ घालून बघावं हे सुचतच नाही. म्हणजे त्याच्या लेखी समीकरण हा बीजगणिताचा प्रश्न, टेबल हा रकाने भरायचा प्रश्न आणि आलेख हा चित्रकलेचा प्रश्न. टेबलमधली एक ओळ म्हणजे रेषेवरचा एक बिंदू म्हणजेच समीकरणाची एक उकल, हे तिन्ही एकच, हे कळलं की पुढची एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरणं, अकरावीतली फलं म्हणजे फंक्शन्स, सगळं सोपं जातं. नाही कळलं तर अकरावीला पोरगं म्हणतं की मला फंक्शन हा प्रकारच कळत नाही.

डेसमॉस इथे काय करतो तर डाव्या बाजूला ओळी आणि उजव्या बाजूला आलेख. डावीकडे वाय = २एक्स + ३ टाइप केलं की एंटर मारायच्या आधीच रेषा उजवीकडे उमटते. वर गिअरचं चिन्ह आहे, ते दाबून त्या समीकरणापासून टेबल करता येतं, एक्सच्या किमती तुम्ही बदलायच्या, वाय तो काढतो. आणि रिकाम्या ओळीत इंग्रजीत टेबल असं लिहिलं की कोरं टेबल येतं, त्यात दोन्ही रकाने आपणच भरायचे आणि प्रत्येक ओळीचा ठिपका लगेच आलेखावर दिसतो.

मी नेहमी कोऱ्या टेबलने सुरुवात करते. समीकरण फळ्यावर, टेबल पोरांनी तोंडी किमती काढून भरायचं, रेषा अजून काढायचीच नाही. ठिपके एका रांगेत पडतायत हे त्यांना स्वतःला दिसतं. कोणी चुकीची किंमत भरली, समजा एक्स ४ ला वाय १२ लिहिलं, तर तो ठिपका रांगेबाहेर उभा राहतो आणि मला काही बोलावं लागत नाही, पोरं आपणहून म्हणतात टीचर तिथे ११ पाहिजे. मग शेवटी समीकरण टाइप करायचं, रेषा सगळ्या ठिपक्यांमधून जाते आणि एकच हुंकार येतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी समीकरण टाइप केलं तर रेषा आयती मिळते आणि टेबलकडे कोणी ढुंकून बघत नाही.

नुसत्या पुस्तकातल्या समीकरणांवर थांबू नका, रोजच्या आयुष्यातलं घ्या. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं उदाहरण म्हणजे रिक्षाचं भाडं. आपल्या मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर असा होता की पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. पोरांना आधी तोंडीच विचारा की अंतर दुप्पट झालं तर भाडं दुप्पट होतं का. अर्धी म्हणतील हो, अर्धी म्हणतील नाही, कारण मिनिमम भाडं आहे ना. दोघांचं म्हणणं वहीत लिहून ठेवा आणि मग टेबल करा. अर्धा किलोमीटर २६, एक किलोमीटर २६, दीड किलोमीटर २६, तीन किलोमीटरला २६ अधिक दीड गुणिले १७.१४ म्हणजे ५१.७१, पाच किलोमीटरला ८५.९९, दहाला १७१.६९. आता बघा, अर्ध्याचा एक झाला तर भाडं तेच, पण पाचाचे दहा झाले तर जवळजवळ बरोब्बर दुप्पट. म्हणजे दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर. हे असं का, ते टेबलवरून कळत नाही, आलेखावरून कळतं.

डेसमॉसमध्ये महिरपी कंसात अट घालता येते. पहिली ओळ वाय = २६, अट ० ते १.५. दुसरी ओळ वाय = २६ + १७.१४(एक्स − १.५), अट एक्स १.५ पेक्षा मोठा. आलेखात आधी आडवा तुकडा आणि मग तिरकी रेषा. आता दुसऱ्या ओळीतली अट खोडून टाका. ती तिरकी रेषा मागे खाली सरकत जाते आणि आरंभबिंदूला जवळजवळ टेकते! शून्य किलोमीटरला ०.२९, म्हणजे एकोणतीस पैसे. कारण १७.१४ ला दीडने गुणलं तर २५.७१ येतात आणि त्याचेच पूर्ण रुपये केले की २६. म्हणजे मिनिमम भाडं हे वेगळं काही लावलेलं नाहीये, तोच किलोमीटरचा दर दीड किलोमीटरला लावलाय, फक्त तुम्ही त्याच्या आत उतरलात तरी तेवढे द्यायचे. टॅक्सीचं त्याच वेळचं बघा, ३१ रुपये आणि पुढे २०.६६, तिथे तर रेषा शून्याला एका पैशाने चुकते. आठवीला जे समचलन शिकवतात, वाय = केएक्स, ते इथे दीड किलोमीटरनंतर जवळजवळ जसंच्या तसं उभं आहे. समीकरण २६ + १७.१४(एक्स − १.५) असं नुसतं लिहिलेलं बघून हे कोणाच्याही लक्षात येणार नाही, कंस सोडवून १७.१४एक्स + ०.२९ केलं तर येईल, पण कंस सोडवावासा वाटायला आधी चित्र दिसावं लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चित्र बघितल्यावर आपणहून कंस सोडवला, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

रात्री बारा ते पाच सव्वापट भाडं असतं, तेही लगेच तिसरी ओळ करून दाखवता येतं, सगळ्याला १.२५ ने गुणा, रेषेचा चढ वाढतो, आडवा तुकडा वर सरकतो पण जोड दीडलाच राहतो. आणि भाडं पूर्ण रुपयात असतं हे दाखवायचं असेल तर राउंड नावाचं फंक्शन आहे, ते लावलं की रेषेच्या जागी पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात, झूम करून बघायला पोरांना आवडतं. यात अर्धा तास सहज जातो आणि कोणी घड्याळाकडे बघत नाही.

दुसरी जागा जिथे हे अॅप सोन्यासारखं आहे ती म्हणजे वर्गसमीकरणाचा आलेख. वाय = एक्स वर्ग − ५एक्स + ६ घ्या. पोरं ० पासून ५ पर्यंत पूर्णांक घेऊन टेबल करतात, वाय येतो ६, २, ०, ०, २, ६. मग ग्राफ पेपरवर ठिपके देतात आणि २ ते ३ मध्ये सरळ आडवी रेघ ओढून टाकतात, म्हणजे तळ सपाट. मी कितीतरी वह्यांमध्ये हा सपाट तळ बघितलाय, आणि पोरांचा दोष नाही हो, टेबल जे सांगतंय तेच त्यांनी काढलं, टेबलमध्ये शून्य शून्य लागोपाठ आलेत मग मध्ये सपाटच वाटणार. डेसमॉसच्या टेबलमध्ये २ आणि ३ च्या नंतर आणखी एक ओळ २.५ ची घाला. वाय येतो उणे ०.२५. ठिपका एक्स अक्षाच्या किंचित खाली पडतो. मग २.२ घाला, २.८ घाला, दोन्हीकडे उणे ०.१६. म्हणजे तळाशी गोलाई आहे आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे. टेबल खोटं बोलत नव्हतं, आपण त्याला कमी ठिकाणी विचारलं होतं. कागदावर २.५ चा ठिपका उणे पाव एककावर काढायचा म्हणजे डोळे फोडून घेणं, इथे झूम करता येतं. आणि मुळं २ आणि ३ का, तर तिथे वाय शून्य आहे, टेबलमध्येही शून्य, आलेखातही अक्षावर, अवयव पाडले तरी (एक्स − २)(एक्स − ३). तिन्हीकडून तेच उत्तर येतं तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो मला फार मोलाचा वाटतो.

टेबलवर जास्त विश्वास ठेवायचा नाही हे शिकवायला आणखी एक सोपा प्रयोग. टेबलमध्ये एक्स उणे १, ०, १ आणि वाय पण उणे १, ०, १ भरा. विचारा, समीकरण काय. सगळे ओरडून वाय = एक्स म्हणतात. टाइप करा, रेषा तिन्ही ठिपक्यांमधून जाते, सगळे खूश. मग खालच्या ओळीत वाय = एक्सचा घन टाइप करा. तोही तिन्हींमधून जातो, वाकडातिकडा होऊन पण जातोच. आता कोण बरोबर? दोघंही. मग चौथा ठिपका मागायचा, एक्स २ ला वाय किती हे सांगितल्याशिवाय ठरत नाही, २ असेल तर एक, ८ असेल तर दुसरं. नववीच्या पोरांना हे पहिल्यांदा बघताना धक्का बसतो, कारण त्यांना वाटत असतं की टेबल दिलं म्हणजे समीकरण ठरलंच. रेषाच आहे हे आधी माहीत असेल तर दोन बिंदू पुरतात, ते माहीत नसेल तर टेबल कितीही लांब असलं तरी पुरत नाही. हे मी फळ्यावर पूर्वीही सांगायचे पण तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.

स्लायडरबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडक्यात. वाय = एमएक्स + सी टाइप केलं की तो विचारतो स्लायडर हवेत का, हो म्हटलं की एम आणि सी साठी दोन सरकपट्ट्या येतात, एम सरकवला की रेषा फिरते, सी सरकवला की वरखाली जाते. छान आहे, पण नुसतं सरकवत बसू देऊ नका, दोन मिनिटांत खेळ होतो. शेजारी टेबल ठेवून विचारा की सी एकने वाढवला तर टेबलमधल्या सगळ्या वायचं काय झालं, सगळे एकने वाढले ना, आणि एम एकने वाढवला तर काय, तर एक्स शून्य असलेली ओळ हलत नाही आणि बाकीच्या आपापल्या एक्सइतक्या हलतात. हे टेबलमध्ये बघितलं की रेषा वाय अक्षावरच्या त्याच बिंदूभोवती का फिरते ते आपोआप कळतं. आणि एक गंमत नक्की करा, एम ची मर्यादा वाढवून हजारपर्यंत न्या, रेषा उभी उभी होत जाते पण पूर्ण उभी कधीच होत नाही. मग वेगळ्या ओळीत एक्स = ३ टाका, ही खरी उभी रेषा, हिला चढ नाही, हिचं टेबल केलं तर एक्स सगळीकडे ३ आणि वाय वाट्टेल तो, म्हणून हे वायचं एक्समधलं फलच नाही. पुस्तकात वाय अक्षाला समांतर रेषा म्हणून एका ओळीत येतं ते इथे नीट समजतं.

आता काय आवडलं नाही किंवा कुठे सांभाळून राहावं लागतं ते.

पहिलं म्हणजे सुरुवातीची खिडकी. उघडल्यावर दोन्ही अक्षांवर साधारण उणे १० ते १० एवढाच भाग दिसतो. रिक्षाचं भाडं २६ पासून सुरू, म्हणजे टाइप केलं की स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि पोरगं म्हणतं चाललं नाही. टेबलला खाली भिंगाचं बटण असतं, ते दाबलं की सगळे ठिपके बसतील अशी खिडकी होते, किंवा पान्याच्या चिन्हात जाऊन अक्षांच्या मर्यादा हाताने लिहाव्या लागतात. मी मुद्दाम हाताने लिहायला लावते, कारण प्रमाण ठरवणं हे बोर्डाच्या पेपरमध्येही करायचं असतं, कोपऱ्यात एक्स अक्षावर १ सेमी = १ एकक असं लिहायचं असतं ना, तेच काम.

त्यातूनच दुसरी गोष्ट. दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं ठेवलं की रेषेचा तिरकेपणा डोळ्याला फसवतो. रिक्षाची रेषा वायची मर्यादा २०० ठेवली तर आरामात चढणारी दिसते आणि ५० ठेवली तर भिंतीसारखी. चढ मात्र दोन्हीकडे १७.१४. पोरांना हे सांगितलं नाही तर ती डोळ्यांनी तुलना करतात आणि चुकीची रेषा जास्त चढाची ठरवतात. म्हणून चढ विचारला की टेबलमध्ये जा, एक्स एकने वाढला तर वाय किती वाढला ते बघ, हा नियमच करून टाका.

तिसरं, उत्तर फार पटकन मिळतं. एकसामयिक समीकरणाच्या दोन ओळी टाकल्या की छेदनबिंदूवर राखाडी ठिपका येतो, त्यावर क्लिक केलं की उत्तर समोर. गृहपाठ कॉपी करायला एकदम सोयीचं. पण यावर उपाय आहे आणि तो गणितातच आहे. वाय = २एक्स आणि वाय = १ − एक्स द्या. डेसमॉस छेदनबिंदू (०.३३३, ०.६६७) असा दाखवतो. ते खरं उत्तर नाही, खरं उत्तर एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. ०.३३३ पहिल्या समीकरणात घालून बघायला सांगा, ०.६६६ येतं, ०.६६७ येत नाही. म्हणजे चित्र आपल्याला जागा दाखवतं आणि नेमकी किंमत समीकरण सोडवूनच मिळते. अशी अपूर्णांकात उत्तरं येणारी गणितं गृहपाठाला दिली की कॉपीचा प्रश्न बराच कमी होतो. सेल्सिअस-फॅरनहाइटचं पण द्या, वाय = १.८एक्स + ३२ आणि वाय = एक्स, दोन्ही उणे ४० ला भेटतात, म्हणजे उणे ४० ला दोन्ही थर्मामीटर तोच आकडा दाखवतात, इथे उत्तर पूर्णांकात आहे पण ते सुरुवातीच्या खिडकीबाहेर आहे म्हणून आयतं दिसत नाही, शोधायला लागतं.

चौथं, टेबलवरून समीकरण काढणारी सोय. टेबल भरून खाली बरोबरच्या चिन्हाऐवजी ते नागमोडी चिन्ह वापरून वाय१ आणि एक्स१ ची ओळ लिहिली की तो स्वतःच एम आणि सी काढून देतो. प्रयोगाच्या वहीतले आकडे, ज्यात मोजमापाची थोडी चूक असते, त्यासाठी ही सोय उत्तम आहे, अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पोरांनी जरूर शिकावी. पण दहावीपर्यंत मी ती दाखवतच नाही. वायमधला फरक भागिले एक्समधला फरक हे हाताने पुरेसं केल्याशिवाय ती सोय मिळाली तर टेबलकडून समीकरणाकडे जायचा रस्ता, जो तिन्हींमध्ये सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे, तोच बंद होतो. समीकरणावरून टेबल म्हणजे नुसतं किमती घालणं, टेबलवरून आलेख म्हणजे ठिपके देणं, पण टेबल बघून त्यामागचा नियम ओळखणं याला डोकं लागतं, ते मशीनकडे द्यायचं नाही.

जिओजेब्राशी तुलना विचारतात म्हणून. ते ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात असताना सुरू केलं, तेही विद्यार्थ्यांना फुकट आहे. भूमितीसाठी, म्हणजे त्रिकोण, वर्तुळ, स्पर्शिका, रचना, तेच घ्या, तिथे ते फारच पुढे आहे आणि बिंदू ओढून आकृती हलवता येते. पण नुसतं समीकरण-टेबल-आलेख एवढंच काम असेल तर आठवीच्या पोराला तिथले मेनू जड जातात, डेसमॉस उघडल्या उघडल्या कळतो. मी दोन्ही वापरते, गणित भाग १ ला, म्हणजे बीजगणिताला डेसमॉस आणि भाग २ ला, म्हणजे भूमितीला जिओजेब्रा.

वापराचं थोडं. मोबाईलचं अॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे, एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं, आमच्याकडे लाईट आणि वायफाय दोन्ही एकदम जातात तेव्हा याचा उपयोग होतो. पण मोबाईलच्या लहान स्क्रीनवर टेबल आणि आलेख एकत्र बघायला अडचण होते, अर्धी जागा त्याचा कीबोर्ड खातो, आडवा धरला तर बरं. शक्य असेल तर लॅपटॉप किंवा टॅब. काम सेव्ह करायचं असेल तर मात्र अकाउंट लागतं, पोरांची अकाउंट उघडायची घाई करू नका, वहीत लिहून ठेवू देत. वर्गात टीव्हीला जोडून दाखवणार असाल तर सेटिंगमध्ये प्रोजेक्टर मोड आहे, त्याने रेषा आणि आकडे जाड होतात, मागच्या बाकावरून पण दिसतं. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आलेख आवाजात ऐकायची सोय आहे, रेषा चढत असेल तर आवाज चढत जातो, ब्रेलसाठी पण सोय आहे. डोळे मिटून सगळ्या वर्गाला एक रेषा आणि एक पॅराबोला, म्हणजे वर्गसमीकरणाचा वक्र, ऐकवा आणि कुठली कुठली ते ओळखायला सांगा, पोरं बरोबर ओळखतात.

मराठीचं म्हणाल तर मी आणि पोरं इंग्रजीतच वापरतो, आणि मराठी माध्यमाच्या पोरांना पहिले काही दिवस बटणांवर काय लिहिलंय हे सांगावं लागतं. म्हणून मी एका कार्डावर त्यांच्या पुस्तकातले शब्द लिहून ठेवलेत, कुठलं बटण म्हणजे आरंभबिंदू, कुठलं म्हणजे छेदनबिंदू, कुठली खूण म्हणजे वर्ग, आणि ते कार्ड लॅपटॉपशेजारी असतं. एवढं केलं की भाषेमुळे कोणी मागे राहत नाही.

ग्राफ पेपर मात्र बंद करू नका. परीक्षेत पेन्सिल आणि पट्टीच असते, ठिपका नीट द्यायला, प्रमाण घ्यायला, अक्षांना नावं द्यायला, रेषेच्या दोन्ही टोकांना बाण करायला हाताला सवय लागते आणि ती कागदावरच लागते. माझ्याकडे प्रत्येक गणित आधी कागदावर होतं आणि मग तेच डेसमॉसवर तपासलं जातं. जे पालक घरी करून घेणार आहेत त्यांनी आठवीच्या चलनाच्या धड्यापासून सुरुवात करा, एका बाजूला समचलन वाय = १२एक्स, म्हणजे एका वहीची किंमत बारा रुपये, दुसऱ्या बाजूला व्यस्त चलन एक्स गुणिले वाय = १२०, म्हणजे १२० किलोमीटर जायला वेग जितका जास्त तितका वेळ कमी. दोन्हींची टेबलं शेजारी शेजारी भरा, एकात भागाकार कायम राहतो आणि एकात गुणाकार, मग आलेख काढा, एक रेषा शून्यातून जाते आणि दुसरी वक्र रेषा अक्षांच्या जवळ जवळ जाते पण टेकत नाही, आणि पोराला विचारा की ती का टेकत नाही. उत्तर द्यायला वेळ द्या, कोणी म्हणतं कागद संपला, कोणी म्हणतं वेग शून्य असेल तर पोचणारच नाही, आणि शून्याने भागता येत नाही हे नुसतं पाठ केलेलं वाक्य तेव्हा त्याला पहिल्यांदा खरं वाटतं.